रेघेवरचा आठ

नातवाची गणिताची वही तपासत बसलो होतो. दुसरीतली वही. पानभर फिकट निळ्या चौकटी, डोक्यावर शतक, दशक, एकक आणि एका चौकटीत एकच अंक. एकरेघी, दुरेघी, चाररेघी या सगळ्या भावंडांत चौकटवही स्वभावाने सगळ्यांत कडक. बाकीच्या वह्यांत अक्षर जरा इकडेतिकडे झालं तर चालून जातं. इथे अंक डावीकडच्या घरात सरकला की त्याची किंमत एकदम दहापट. नुसतं शेजारी सरकून दहापट किंमत झालेली माणसं मी बँकेत पाहिली आहेत, पण त्यांच्या पुढे चौकशा झाल्या.

गणित सोपं होतं. २५ अधिक १३. नातवाने तीन दशकाच्या घरात ऐसपैस बसवला होता. आठ मात्र एककाच्या घरात शिरताना उंबऱ्यावरच अडकला होता; निम्मं पोट दशकात, निम्मं एककात. बाईंनी त्याला लाल शाईने गोल केलं होतं, शेजारी 'अंक चौकटीत लिहावेत' असं बजावलं होतं आणि एका गुणातला अर्धा कापला होता.

"आजोबा, हा आठ कुठल्या घरातला?" नातवाने विचारलं.

चौतीस वर्षं मी रकान्यांत काढली. जमा, नावे, शिल्लक. संध्याकाळी ताळा जुळेपर्यंत घरी जायचं नाही, हा धर्म पाळला. तरी या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. रकान्याच्या आत काय लिहायचं ते मला पाठ होतं. रेघेवर पडलेल्याचं काय करायचं, हे मला कुणी शिकवलंच नव्हतं. मी वेळ मारून न्यायला म्हणालो, "चहा झाला की सांगतो." त्यानंतर बरेच चहा झाले.

चौकटींचं वेड सगळ्या जगाला आहे. आपल्या भाषेने तर जागेप्रमाणे चौकटीला नावं दिली आहेत. पटावर ते घर, खातेवहीत रकाना, कपाटात खण, शेतात वाफा, खिडकीला जाळी आणि सदऱ्यावर चौकडा. ताटात थापून सुरीने रेघा मारल्या की त्याच्या वड्या. माझी पहिली ओळख या वड्यांशीच. आई नारळाच्या वड्या थापायची ती गोल ताटात. मग उलथन्याच्या काठाने उभ्या रेघा, आडव्या रेघा. मधल्या वड्या नेटक्या चौकोनी, त्या डब्यात जायच्या, पाहुण्यांसाठी. कडेला मात्र गोल ताट आणि सरळ रेघा यांचं जमायचं नाही. तिथे त्रिकोणी, अर्धवट, टोकदार तुकडे उरत. ते आम्हा पोरांचे. आम्ही ताटाच्या कडेला डोळे लावून बसायचो आणि ताट गोल असल्याबद्दल देवाचे आभार मानायचो. शिस्तीतून जे निसटतं ते आपल्या वाट्याला येतं, हा माझा पक्का समज त्या वयातला आहे.

नातवाच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर भाचीकडून मिळालं. ती पॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये काम करते. आता रक्तातल्या पेशी यंत्र मोजतं, पण शिकताना सगळ्यांना त्या हाताने, म्हणजे डोळ्याने मोजाव्या लागतात. तिने मला एक जाड काच दाखवली. न्यूबाउअर चेंबर म्हणतात तिला. मधोमध तीन मिलिमीटर लांब-रुंद जागा, डोळ्याला दिसेल न दिसेल अशी. सूक्ष्मदर्शकाखाली धरली की तिथे अख्खी चौकटवही उघडते. एकेक मिलिमीटरचे नऊ मोठे चौकोन, आणि मधल्या चौकोनाचे पुन्हा चारशे. त्यावर पातळ केलेल्या रक्ताचा थेंब सोडायचा आणि ठरावीक घरांतल्या पेशी मोजायच्या. काचेवरच्या थेंबाची खोली ठरलेली, एक दशांश मिलिमीटर. त्यामुळे इतक्या घरांत इतक्या पेशी, तर घनमिलिमीटरला किती, हा शाळेतला त्रैराशिकाचा हिशेब.

मी डोळा लावला. फिकट गोल चकत्या पसरलेल्या. बऱ्याचशा घरांत सुखाने बसलेल्या, पण काही नेमक्या रेघेवर. आमच्या आठासारख्याच. मी विचारलं, "यांचं काय करता?"

"मामा, त्याचा नियम आहे," भाची म्हणाली. "वरच्या आणि डावीकडच्या रेघेवरची धरायची. खालच्या आणि उजवीकडच्या रेघेवरची सोडायची."

"का? उजवीकडच्यांनी काय पाप केलंय?"

"काही नाही. आपण सोडलेली पेशी शेजारच्या घराच्या डाव्या रेघेवर असते, तिथे ती धरली जाते. दोनदा मोजायची नाही आणि वगळायचीही नाही, एवढंच. कुणी खालची आणि उजवी धरली तरी चालेल. फक्त मोजायच्या आधी ठरवायचं आणि मग बदलायचं नाही."

मला हे फार आवडलं. त्या नियमात न्याय असा काही नाही, डावं-उजवं हा निव्वळ संकेत आहे. पण तो आधी ठरलेला आहे. आमच्या सोसायटीत पार्किंगच्या रेघा आखल्या तेव्हा रेघेवर उभ्या केलेल्या स्कूटरचं काय, हे कुणी आधी ठरवलं नाही. ती सभा रात्री पावणेबारापर्यंत चालली.

घरी आलो तर स्वयंपाकघराच्या दाराशी हीच गोष्ट खिळ्याला टांगलेली. दिनदर्शिका. आमच्या घरात तिच्या चौकटी म्हणजे संसाराची रोजकीर्द आहे. दुधाचा खाडा, सिलिंडर लावल्याची तारीख, भिशी कुणाची लागली, सगळं हिच्या बारीक अक्षरात. इंग्रजी तारीख त्या चौकटीत अगदी मापात बसते, मध्यरात्री बारा ते मध्यरात्री बारा. तिच्या पोटाशी छापलेली तिथी मात्र चौकटीची नाही. चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे सरकला की एक तिथी संपते, मग घड्याळात काहीही वाजलेले असोत. चंद्राची चाल कमीजास्त होते, म्हणून तिथी कधी एकोणीस-वीस तासांत आटोपते, कधी सव्वीस तासांपर्यंत रेंगाळते. दुपारी जेवताना सुरू होईल, नाहीतर पहाटे साखरझोपेत बदलेल. जवळजवळ प्रत्येक तिथी रेघेवरच पडलेली.

आपल्या पूर्वजांनी काय केलं? भाचीच्या लॅबने केलं तेच. आधी नियम ठरवला. सूर्योदयाला जी तिथी असेल ती त्या दिवसाची. एखादी तिथी दोन सूर्योदयांच्या मधल्या मध्येच उरकली, तर तिला घर नाही, ती क्षयतिथी. एखादीने दोन सूर्योदय पाहिले, तर तिला दोन घरं, ती वृद्धितिथी. आणि यावरही सगळ्या देवांचं एकमत नाही. गणेश चतुर्थीला मध्यान्हीची चतुर्थी पाहायची, संकष्टीला चंद्रोदयाची, गोकुळाष्टमीला मध्यरात्रीची. प्रत्येकाने आपल्यापुरती वेगळी रेघ धरलेली. स्मार्त एकादशी आज आणि भागवत एकादशी उद्या असं छापून आलं, की आमच्याकडे साबुदाणा दोनदा भिजतो. घरात स्मार्त कोण आणि भागवत कोण, हे त्या दिवशी खिचडी पाहून ठरतं.

शिवाय तीस-एकतीस तारखांचे हाल आहेतच. महिना उशिराच्या वारी सुरू झाला की शेवटच्या दोन तारखांना खाली जागा उरत नाही. मग कुठेतरी वरच्या मोकळ्या घरात नेऊन बसवतात, लग्नाच्या हॉलमध्ये उशिरा आलेल्यांना स्टेजशेजारी जास्तीच्या खुर्च्या टाकतात तसं.

नियम करून रेघ मिटवता येते, इथवर माझी समजूत पोचली होती. ती पुरातत्त्ववाल्यांच्या एका जुन्या आठवणीने उलटी केली. तरुणपणी एका मित्राबरोबर उत्खनन पाहायला गेलो होतो. वाटलं होतं मोठा खड्डा असेल, विहिरीसारखा. पाहतो तर जमिनीवर खुंट्या आणि सुतळीने चौकोन आखलेले, प्रत्येक चौकोन स्वतंत्र खणलेला आणि दोन चौकोनांच्या मध्ये न खणता राखलेली मातीची भिंत. वरून पाहिलं तर वड्या पाडल्यासारखं, फक्त वड्या काढून घेतलेल्या आणि रेघा तेवढ्या ठेवलेल्या. ही तऱ्हा मॉर्टिमर व्हीलरची. ते १९४४ ते १९४८ भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे महासंचालक होते. आपले ह. धी. सांकलिया लंडनला शिकत असताना व्हीलरच्या हाताखाली इंग्लंडात खणायला जाऊन आले होते. पुढे सांकलियांच्या डेक्कन कॉलेजने शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगावला १९६८ पासून पंधराएक वर्षं खणलं आणि तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांचं गाव बाहेर काढलं. घरांच्या जमिनीखाली रांजणांत पुरलेली लहान मुलं, दोन रांजण तोंडाला तोंड लावून आडवे ठेवलेले. लेकराला घराबाहेर न्यायला त्या आईचा पाय निघाला नसावा, असं आपलं मला वाटतं.

मी त्या मित्राला विचारलं, "मधली भिंत का ठेवता? खाली काही असेल तर?" तो म्हणाला, "चौकोनातली वस्तू आपण उचलली की ती कुठल्या थरातली होती, हे फक्त भिंत सांगते. काळ भिंतीत दिसतो." मग त्याने बोट फिरवून दाखवलं. हा राखेचा थर, हा पुराच्या गाळाचा, ही कुणाची तरी सारवलेली जमीन. खणलेला भाग म्हणजे पुरावा उचलून नेलेली जागा, आणि न खणलेली रेघ म्हणजे साक्षीदार.

यात मला आश्चर्य वाटायला नको होतं. आमचं मूळ गाव साताऱ्याकडचं. शेताशेतांमधला बांध काय असतो, हे मी पाहिलेलं आहे. मोजणीच्या नकाशावर बांध ही नुसती रेघ. जमिनीवर तिच्यात बोर आहे, बाभूळ आहे, निरगुडी आहे, मुंगसाचं बीळ आहे, जायची-यायची वाट आहे आणि एका भावाने दरसाल नांगराच्या फाळाने थोडा थोडा कोरलेला दुसऱ्या भावाचा हक्क आहे. आमच्या बांधावर आंब्याचं झाड होतं. खोड बरोबर मध्यावर. त्याचाही नियम होता, कागदावर नसलेला. आंबा ज्याच्या शेतात पडेल त्याचा. साहजिकच वैशाखात दोन्ही चुलत घरांतली पोरं वाऱ्याची दिशा पाहून देवाला हात जोडायची. आणि बरोबर बांधावरच पडलेला आंबा? तो पहिला पोचेल त्याचा. एवढं साधं गणित, पण त्याच्यावरून माझ्या काकाने तीन महिने अबोला धरला होता.

एका गावच्या बांधांची ही कथा, तर अख्ख्या देशाचे बांध ज्यांनी घातले त्यांची काय असेल! १८०२ च्या एप्रिलमध्ये विल्यम लॅम्बटनने मद्रासजवळ जमिनीवर साखळी टाकून पहिली पायारेघ मोजली आणि तिच्यावर त्रिकोणाला त्रिकोण जोडत तो उत्तरेकडे निघाला. वीस वर्षं हा माणूस चालत आणि मोजतच राहिला. मोजता मोजताच १८२३ च्या जानेवारीत आपल्या वर्धा जिल्ह्यात हिंगणघाटला त्याने देह ठेवला. कबर तिथेच आहे. त्याच्या जागी आलेल्या जॉर्ज एव्हरेस्टने पाहिलं, की सगळा देश त्रिकोणांनी भरायचा म्हटलं तर पिढ्या जातील. म्हणून त्याने उभ्या-आडव्या माळा ओढायच्या ठरवल्या. मधली जागा मागाहून भरता येईल. या पद्धतीला त्याने ग्रिडायर्न म्हटलं. ग्रिडायर्न म्हणजे निखाऱ्यावर मासे-मटण भाजायची लोखंडी जाळी, आणि ग्रिड हा शब्द त्याचंच लाडाचं नाव. म्हणजे ग्रिड फेल होऊन आपल्याकडे अंधार पडतो, तेव्हा मूळ शब्दाप्रमाणे वांगं भाजायची जाळीच तुटलेली असते.

त्या मोजणीतून आलेल्या नकाशांचे चौकोन मी ट्रेकिंगच्या दिवसांत हाताळले आहेत. देशाचे चार-चार अंशांचे तुकडे, त्यांना आकडा. प्रत्येकाचे सोळा भाग, त्यांना अक्षर. त्यांचे पुन्हा सोळा, त्यांना परत आकडा. शनिवारवाडा ४७ एफ/१४ मध्ये येतो. दोन सेंटिमीटरला एक किलोमीटर, ओढा न् ओढा दाखवलेला. आम्ही तो नकाशा अंथरून सिंहगड शोधायला लागलो तर सापडेना. एकाने तर गड इंग्रजांनी मुद्दाम वगळला असं जाहीर करून टाकलं. गड जागेवरच होता. फक्त साडेअठरा अक्षांशाची रेघ मधून गेल्यामुळे तो शेजारच्या कागदावर, ४७ एफ/१५ वर गेला होता. पायथ्याशी भजी खाताना कुणाला कळतही नाही की आपण कागद बदलून आलो.

आणि हे चौकोनही चौकोन नव्हेतच. पृथ्वी आईच्या ताटासारखी गोल. विषुववृत्तावर एक रेखांश १११ किलोमीटरचा. पुण्यात येईतो तो १०५-१०६ चा होतो आणि श्रीनगरला जेमतेम ९२ चा. रेघा वर वर जवळ येत जातात आणि ध्रुवावर एका बिंदूत मिळतात. तिथे घर असं उरतच नाही, नुसती रेघच रेघ.

हवामानवाले तर आकाशावरच चौकटवही घालतात. पहिला प्रयत्न लुईस फ्राय रिचर्डसन नावाच्या इंग्रज सद्गृहस्थाचा. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये जखमींची गाडी चालवता चालवता त्याने युरोपच्या नकाशावर पटासारखी घरं पाडली आणि एका घरातली हवा शेजारच्या घरात कशी जाते याचा कागद-पेन्सिलीने हिशेब केला. सहा तासांच्या हवामानाला त्याला सहा आठवडे लागले. उत्तर आलं ते असं, की सहा तासांत हवेचा दाब १४५ मिलिबारने वाढेल. तसं घडतं तर युरोप पापडासारखा सपाट झाला असता. १९२२ च्या आपल्या पुस्तकात त्याने हे चुकलेलं गणित न लपवता छापलं, म्हणून मला तो माणूस आवडतो. पद्धत मात्र चुकली नव्हती. आजचे सगळे अंदाज तिच्यावरच उभे आहेत. आपल्या पाषाणच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने घडवलेलं प्रारूप २०२५ पासून सहा किलोमीटरच्या घरांवर चालतं, आधी ती बारा किलोमीटरची होती. तरी एका घराला पावसाचा एकच आकडा. कोथरूड आणि सदाशिव पेठ एकाच घरात बसू शकतात, हे गणिताला पटतं. सदाशिव पेठेला पटवायचं कुणी?

या सगळ्या चौकोनवाल्यांत मला मेंडेलीव्हचं विशेष कौतुक. १८६९ साली त्याने मूलद्रव्यांची सारणी मांडली आणि काही घरं चक्क रिकामी सोडली. इथे कुणीतरी यायचं आहे, म्हणाला. त्या न आलेल्या पाहुण्यांना त्याने नावंही दिली, तीही आपल्या संस्कृतातला 'एक' घेऊन: एका-ॲल्युमिनियम, एका-सिलिकॉन. सहा वर्षांत फ्रान्समध्ये गॅलियम सापडलं, तळहातावर ठेवलं तर वितळतं ते. शोधणाऱ्याने त्याची घनता ४.७ सांगितली. मेंडेलीव्हने, ज्याने तो धातू डोळ्यांनीही पाहिला नव्हता, त्याला कळवलं, की पुन्हा मोज, ५.९ च्या आसपास यायला हवी. पुन्हा मोजली, ५.९ आली. मुलगी न पाहता नुसत्या पत्रिकेवरून उंची सांगणारे गुरुजी आमच्याकडे होते, पण त्यांचं कधी असं जुळलं नाही. एवढं झालं तरी त्या सारणीत तीसएक जणांना जागा पुरली नाही. त्यांची तळाशी दोन ओळींची वेगळी पंगत बसवतात. हायड्रोजनचं खरं घर कोणतं, यावर तर अजून कुजबुज चालू आहे.

हिच्या गाण्याच्या वहीतही घरं आहेत. भातखंड्यांच्या पद्धतीने लिहिलेली बंदिश. तीनतालाच्या सोळा मात्रा, चार खण, समेला फुली, खालीला शून्य. प्रत्येक मात्रेखाली एक स्वर, एक अक्षर. आणि दोन स्वरांच्या डोक्यावरून, मधली जागा ओलांडून जाणारी एक कमान. ती मींड. मी एकदा हिला म्हणालो, "हे पंचम आणि हे गंधार, दोन्ही आपापल्या घरात आहेत. मग गाताना तू मधे कुठे जातेस?" ती म्हणाली, "आमच्या गुरुजींना विचारलं होतं मी. ते म्हणाले, सूर घरात राहतात, गाणं ओसरीवर बसतं." कमान कुठून निघते आणि कुठे पोचते, एवढंच वही सांगते. मधल्या प्रवासासाठी गुरुजींच्या घरी दहा वर्षं चपला काढाव्या लागतात.

तसं रेघेचं हे महत्त्व लहानपणीच कळायला हवं होतं. आट्यापाट्या खेळलो नाही का आपण? आडव्या नऊ पाट्या, त्यांना उभी छेदणारी सूरपाटी. चौकोनातून पळणारा मोकळा, आणि पाटीवर उभा राहून अडवणारा पाटीला बांधलेला. त्याने रेघ सोडायची नाही. मी नेहमी पाटीवर. पळणाऱ्यांना हूल देता येत होती, मला फक्त रेघेवरून इकडून तिकडे. पुढे बँकेच्या काउंटरवर बसलो तेव्हा जागा ओळखीची वाटली.

दिवाळीत नातवाचा प्रश्न पुन्हा वर आला, तो वेगळ्याच कारणाने. माळ्यावरच्या ट्रंकेत आईचा रांगोळीचा कागद सापडला. जाड, पिवळा पडलेला, उदबत्तीने सारख्या अंतरावर भोकं पाडलेला. भोकांच्या कडा अजून तपकिरी. मी अंगणात गेरू फासला, कागद अंथरला, वरून रांगोळी चोळली आणि कागद अलगद उचलला. नऊ ठिपके, नऊ ओळी, एकही चुकलेला नाही. आई जाऊन एकवीस वर्षं झाली, पण तिचं अंतर तसंच.

नातू म्हणाला, "आता यातून चौकोन काढू."

तेव्हा मला गेओर्ग पिक आठवला. प्रागला गणित शिकवणारा, आइन्स्टाइनचा तिथला सहकारी. १८९९ साली त्याने एक छोटंसं प्रमेय सांगितलं, ते अगदी या रांगोळीच्या मापाचं आहे. ठिपक्यांवर टोकं ठेवून, सरळ रेघांनी कुठलीही बंद आकृती काढा, वाकडीतिकडी चालेल, फक्त तिने स्वतःलाच छेदू नये. तिच्यात किती घरं मावतात ते मोजायला पट्टी नको. आतले ठिपके मोजा. रेघेवरचे ठिपके मोजून त्यांचे निम्मे करा. बेरीज करून एक वजा करा.

आम्ही दोन घरांचा चौकोन काढला. काठावर आठ ठिपके, निम्मे चार. आत एक. पाचातून एक गेला, चार. घरं चारच. मग नातवाने मुद्दाम वाकडा त्रिकोण काढला, पाया चार घरांचा, शेंडा तीन ओळी वर आणि डावीकडे कललेला. आतली घरं तिरकी कापली गेली, कुठलं पाव, कुठलं पाऊण, नजरेने मोजायची सोय नाही. काठावर आठ, निम्मे चार. आत तीन. सातातून एक गेला, सहा. शाळेच्या सूत्रानेही सहाच: निम्मा पाया गुणिले उंची.

"म्हणजे रेघेवरचा अर्धाच धरायचा!" नातू ओरडला. "बाईंनी अर्धाच गुण कापला होता!"

मी त्याला पिकचं पुढचं सांगितलं नाही. तो ज्यू होता. १९४२ च्या जुलैत, ब्याऐंशी वर्षांचा असताना, त्याला नाझींनी थेरेसिएनश्टाटच्या छावणीत नेलं आणि दोन आठवड्यांत तो तिथेच वारला. त्या लोकांकडेही रकाने होते, नीट आखलेले. आणि आजी-आजोबांपैकी किती जण कोण, एवढ्यावरून कोण कुठल्या रकान्यात, याचे नियम आधीच ठरवलेले. आधी ठरलेला नियम मला इतका आवडला होता, त्याला हा काळा काठ आहे. भाचीच्या काचेवर पेशी एका घराने सोडली तर ती शेजारच्या घरात धरली जाते. सोडलेल्याला धरणारं शेजारचं घर ज्या वहीत नाही, तिच्या रेघा कितीही सरळ असल्या तरी ती वही माणसांसाठी नाही.

नातू मात्र गप्प बसला नव्हता. रात्री फराळ करताना त्याने सगळे नियम माझ्याकडून पुन्हा वदवून घेतले आणि विचारलं, "यातला मला पूर्ण गुण देणारा कुठला?"

मी म्हणालो, "आत्याच्या लॅबचा. तुझा आठ एककाच्या डाव्या रेघेवर आहे. डावीकडचा धरतात."

सुटी संपून शाळा उघडली. त्याने वहीतल्या त्या लाल शेऱ्याखाली पेन्सिलीने, एका चौकटीत एकच अक्षर अशा शिस्तीत लिहिलं: 'आत्याच्या लॅबमध्ये डाव्या रेघेवरचा धरतात.' 'मध्ये' मधल्या जोडाक्षराला एक घर द्यायचं की दोन, यावर आमची थोडी चर्चा झाली. शब्दकोडी सोडवल्याचा अनुभव पणाला लावून मी एक म्हणालो.

दुसऱ्या दिवशी वही परत आली. कापलेला अर्धा गुण तसाच होता. खाली बाईंनी लाल शाईत एकच शब्द लिहिला होता: 'पाहिले'. घाईत लिहिलेला तो शब्द पहिल्या चौकटीत सुरू होऊन, तीन रेघा ओलांडून, चौथ्या चौकटीच्या मध्यावर संपला होता.

नातवाने तो बराच वेळ निरखला. मग त्याने माझ्याकडे पाहिलं. मी त्याला गप्प राहायची खूण केली.